कठड्याजवळची उडी

बर्फावरच्या स्केटिंगची स्पर्धा चालू होती. नातीची पाळी यायला वेळ होता, म्हणून नोरा सडबरीच्या त्या स्टेडियममध्ये कॉफीच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढच्या बाईने सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्याच्या खांद्याला हळूच हात लावला.

"तुम्ही परीक्षक होतात ना? हॅमिल्टनला, एक्क्याऐंशी साली?"

"होतो. शिव्या घालायच्या असतील तर डाव्या कानात घाला. उजवा गेलाय."

"आठ जणांनी मला सहापैकी साडेपाचच्या वर गुण दिले. तुम्ही एकट्याने चार पॉइंट नऊ."

"ती तू होय! सहा हजार लोकांनी माझी हुर्यो उडवली, पोरी. आज बघ, चाळीस टाळकी, त्यात निम्मे आईबाप. हुर्यो उडवायलासुद्धा कोणी उरलं नाही."

"उडी मारून उतरताना माझा दुसरा पाय बर्फाला टेकला होता. तुमचंच बरोबर होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"सोळा वर्षांची होते हो. गळ्यात पदक, आणि बाबा दिसेल त्याला मिठ्या मारत सुटलेले."

"माझी बायको जन्मभर म्हणायची, एल्डन, बाकीचे आठ काय आंधळे होते?"

"आल्यात का त्या?"

"मार्चमध्ये गेली."

"अरेरे. फार उशीर केला मी."

"कुठल्या उडीला टेकला?"

"शेवटच्या. कठड्याजवळच्या."

"कठड्याजवळच्याच! हेच सांगत होतो मी तिला!"

काउंटरवरची मुलगी खोळंबली होती. नोराने तिला हातानेच थांबायची खूण केली.

"दोन कॉफी दे गं. आणि तू अशी इकडे ये, पोरी. या कानात परत एकदा सांग."