बंगलोरातला बग

रमेशअण्णाचं नाव काढू नका, माझा चहा कडू व्हतो!

बंगलोरला दरसाल कंप्युटरवाल्यांचं संमेलन भरायचं. बिदरच्या ऑफिसातून आम्ही दोघं गेलो. एक मोठे साहेब पडद्यावर त्यांचा प्रोग्राम दाखवायलेत, तेवढ्यात दारातून भज्यांचा ट्रे आला. रमेशअण्णा मला कोपरानं ढोसून मोठ्यानं म्हणाला, "बग, बग!"

साहेब गपकन थांबले. इंग्रजीत प्रोग्राममधल्या चुकीला बगच म्हणतात ना! त्यांनी पुन्हा तपासलं, तर खरंच चूक निघाली. टाळ्याच टाळ्या!

पुढच्या साली अण्णाला भाषणाचं बोलावणं. जन्मभर चुका काढून डोळे फुटले माझे, मला कुत्रं विचारंना.

म्हटलं, "अण्णा, आता तरी खरं सांग की त्यांना."

"कामून? भजी तू बी खाल्लास की!"