कारणाचा रकाना

इथी जमलेल्या साऱ्या बाया-माणसाईले जयभीम, सलाम, रामराम.

मले आज बोलणं जमत नाई. तरी माईक घेतला. कारण आत्ताच सरपंचभाऊनं कानात सांगतलं, बाई, दोन शब्द बोल, पण काम गेल्याचं काही काढू नको. भाऊ, मी तेच काढणार आहे.

ज्याच्या शोकसभेले आपण जमलो, तो दिनेश माझा लहाना भाऊ. अन् मी या गावची आशा वर्कर, दवाखान्याची. गावात कोणी जलमलं का मेलं, माझ्या वहीत नोंद होते. मेलेल्याच्या नावापुढं एक रकाना असते. कारण.

कारखान्यात ठेकेदार बदलला अन् जुन्या पोराईचे गेटपास काढून घेतले. तरी दिनेश रोज सकाळी डबा घेऊन निंघे. रेखाले वाटे, नवरा कामावर जाते. एक दिवस मी लसी आणाले गोंडपिपरीले गेली, त बसस्टँडच्या बाकावर हा. डबा मांडीवर, उघडलाच नाई. म्हटलं, काऊन रे, जेवला नाईस?

मले म्हणे, "बाई, न कमावता घास गिळत नाई."

मी काय केलं? त्याले रागावली. म्हटलं, एवढं मनावर घेऊ नको, अन् रेखाले सांगू नको, तिले घोर लागन. मीच सांगतलं, लपव. दुखणं लपवू नका म्हणत घरोघरी फिरणारी मी.

तो गेला. आपल्याच हातानं गेला. हवालदारानं विचारलं, कारण काय? त्यानं रेखाले विचारलं होतं. मीच बोलली. पोटाचं दुखणं होतं म्हटलं. त्याचं पोट कधी दुखलं? तुमी सांगा, कधी दुखलं?

याच्या आधी सलीमभाऊ असेच गेले. पोटाचं दुखणं लिहिलं. बंडू गेला. दारू लिहिली. तिघं भी एकाच गेटातून बाहेर काढलेले. वरचे साहेब माझी वही पाहतात अन् म्हणतात, या गावात पोटाचे रोगी लय. पित्ताच्या गोळ्या पाठवतात. काम गेल्यावर कोणती गोळी देऊ मी?

काम गेलेले सारेच जात नाईत, हे मले भी समजते. माणूस एकाच कारणानं तुटत नाई. पण या तिघाईचं काम गेलं होतं, हे वहीत कुठीच नाई. काऊन नाई? आपणच लिहू दिलं नाई. तुमी म्हणता, खरं लिहिलं त ठेकेदार बाकीच्या पोराईले घेणार नाई. अन् खोटं लिहिलं तेव्हा कोणाले घेतलं त्यानं?

उद्या मी ठाण्यात जाऊन जबाब बदलून येते. रेखानंच सांगतलं, बाई, खरं लिहा. हे पाहा, तुमच्यासमोर लिहून राह्यली. दिनेश. काम गेलं होतं. आमी लपवाले लावलं.

आता दिनेशसाठी दोन मिनिटं उभे राहू. मग बाकीचे बसा. ज्याच्याजवळ काम नाई, त्यानं मात्र बसू नका. मान खाली घालू नका. मागं भिंतीपाशी बसलेल्या पोरांनो, तुमी भी. उद्यापासून डबा घेऊन बसस्टँडवर जाऊ नका, माझ्या ओसरीवर या. फुकटचा घास गिळत नसन, त भाजी मी करतो म्हणा, कोणी हसणार नाई. तुमची नावं मले त्या रकान्यापुढं लिहायची नाईत.

उठा. आमाले तुमचे चेहरे पाहू द्या.