दुहेरी ठोका

नाही, भावोजी, नवी बॅटरी घालून काहीही होणार नाही — आणि आधी हा चंदेरी कागद काढा, डबा झाकला म्हणून दोष झाकला जात नाही. ऐकू द्या मला. टक... टक... टक-टक. बघा, मध्येच एक ठोका दुहेरी पडतो. का? तर टायमरची चिप दर ठोक्याला बॅटरीकडून एकदम करंट ओढते, पुरवठा क्षणभर हेलकावतो, आणि त्या हेलकाव्याला ती स्वतःच फसते — आपल्याच पावलांच्या आवाजानं एखाद्यानं दचकावं, तशी. तुम्ही वायरी बदलल्यात, स्पीकर बदललात, ताई सांगत होती, घरातले दिवेसुद्धा बंद करून पाहिलेत. म्हणजे दोष बाहेरून येतोय याची तुम्हाला खात्रीच होती.

माझ्या डब्यात असं होत नाही, म्हणून तर आलात. बाबांचं अर्धांगाच्या झटक्यानंतर पाऊल उचलेना, तेव्हा मी तो बनवला — ठोका पडला की पाऊल टाकायचं. तुम्ही ‘जरा बऱ्या पेटीत बसवून आणतो’ म्हणून घेऊन गेलात आणि परत आणलात तो थेट बाबांच्या हातात दिलात — ‘खास तुमच्यासाठी बनवला, बाबा.’ मी तिथेच उभी होते, हातात औषधाचा चमचा. ताईचा उजळलेला चेहरा पाहिला आणि गप्प बसले. तेवढ्यावर थांबला असतात तर — तरीही मी विसरले नसते, पण थांबला असतात तर. आज संध्याकाळी क्लबात ‘माझी रचना’ म्हणून हा दुसरा डबा मांडणार आहात. आणि नक्कल कशी केलीत? वरवर बघून. सर्किटची पट्टी उलटी करून पाहायची तसदीही घेतली नाहीत. मी एक बारकासा कपॅसिटर नेहमी खालच्या बाजूनं डकवते, चिपच्या पुरवठ्याच्या दोन पायांना अगदी चिकटून — हेलकावा तिथल्या तिथे जिरतो. हा बघा, असा. नाही, हात मागे घ्या, अजून डकवलेला नाही.

त्याच्या बदल्यात मला एक वाक्य हवंय. आत जायचं आणि तो डबा कोणी बनवला, ते बाबांना सांगायचं. संपलं. हसू नका — मला वैयक्तिक काही फरक पडतो असं समजू नका, मुळीच पडत नाही. बाबा रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या ठोक्यावर चालतात, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मला ऐकवतात, की जावई नाही, मुलगाच मिळाला. रोज. मी ‘हो बाबा’ म्हणते. पाऊल चुकू देत नाही मी त्यांचं. काय फरक पडायचाय मला?

आणि तुम्ही सांगितलं नाहीत, तरी आता अडत नाही. मधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवलंय. बाबा जागे आहेत, आणि त्यांचे कान शाबूत आहेत. — ऐकलंत ना, बाबा? सगळं ऐकलंत?

...काय म्हणालात?

विचारताहेत, जावई जेवून जाणार का.

नाही, बाबा. त्यांना घाई आहे. — उचला तो डबा, भावोजी. आहे तसाच.