बेटावर पाना नको

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको नंबरची वाट बघत बसले होते.

“मे महिन्यात बेटावर जातोय ते आराम करायला. या वेळी बॅगेत पाना दिसला, तर मी एकटी जाईन.”

“प्लंबरने पाना घरी ठेवायचा?”

“मागच्या सहलीत तीन दिवस हॉटेलचे नळ दुरुस्त करत बसलात. समुद्र मी एकटीने पाहिला.”

“नळ गळत होता. तुला झोप तरी लागली असती का?”

“लागली होती. तुम्हीच उठवलंत, टॉर्च धरायला.”

“बरं बाई, नाही घेत.”

“वर शेजारच्या खोलीतला शॉवरही काढून बसलात.”

“ते बिचारे रोज गार पाण्याने आंघोळ करत होते.”

“म्हणून यंदा मी चौकशी करून झोपडी घेतलीय. नारळाच्या झाडीत, अगदी समुद्राला लागून. आत एकही नळ नाही. विहिरीचं पाणी बादलीने आणून देतात.”

“बादलीने?”

“हो, बादलीने. आता काय करायचं ते करा.”

त्याने नंबरची चिठ्ठी उलटी केली आणि खिशातून पेन काढलं.

“विहीर झोपडीपासून किती फुटांवर आहे, तेवढं विचारून ठेव.”