अनुदार माणसाचं नाव

हॅलो?… हॅलो, कोण?… सिद्धेश्वरी! बोल की बाळ… नाही, आज्जी देवळात गेलीय. मीच आहे, तुझा आज्जा. चालेल ना?… चालवून घेतेस? उपकार झाले.

काय?… उद्या? वक्तृत्व स्पर्धा? आणि विषय?… ‘अनुदार’. एका शब्दावर आठ मिनिटं! पुण्यात वेळ बराच दिसतोय लोकांना… नाही गं, सांगतो की. लिहून घे… मोबाईलवर? बरं, मोबाईलवर घे. चौतीस वर्षं मराठी शिकवली, फळ्यावरचं कुणी उतरवून घेतलं नाही. तू निदान टाइप कर.

उदार म्हणजे ज्याचा हात सढळ. अनुदार म्हणजे ज्याचा नाही. चिक्कू. संस्कृतात एवढंच… हो, हो… अगं ऐक ना! पुढं हा चिक्कूपणा हातातून मनात शिरला. दुसऱ्याचं मत खपत नाही, दुसऱ्याची रीत खपत नाही, तोही अनुदार. इंग्रजीतल्या ‘इलिबरल’चं तसंच. मूळ लॅटिन. स्वतंत्र माणसाला न शोभणारं, हा पहिला अर्थ. मग कद्रू. मग असहिष्णू. आता तर अख्ख्या राजवटींना लावतात. मतदान करा, बोटाला शाई लावा, आणि तेच बोट ओठांवर ठेवून गप बसा… आवडलं? वापर.

उदाहरण? घरगुती दे. परीक्षकांना घरगुती लई आवडतं… आहे तुझ्याकडं? वा. सांग.

कोण?

मी?

…नाही, नाही, फोन चालू आहे. अगं, तो घराचा नियम होता. आज्जी वळसंगची, माहेरची भाषा कानडी, माहीत आहे की मला. पण मी माढ्याचा, मला एक अक्षर कळत नव्हतं. ‘या घरात मराठीच बोलायचं’ एवढंच म्हणालो. लग्न झालं त्याच आठवड्यात. रागानं नाही गं, फळ्यावर सुविचार लिहावा तसं. पुढं मुलांची मराठी बिघडू नये म्हणून… सत्तेचाळीस वर्षं, बरोबर. पण तिनं कधी तक्रार केली नाही… हां. कुठल्या भाषेत करणार, तेही खरं.

हे बघ, भाषणात निंगप्पाचं नाव घाल. शेजारचा. त्याला ऐकू कमी येतं, वाईट वाटणार नाही… का नको?

कुठलं धुणं?… तुझी पणजी आली होती तेव्हाचं? हो, चार दिवस. तुझा बाप तिसरीत होता, आपल्या या आज्जीशी खुणेनं बोलायचा. त्या दोघी मायलेकी दिवसभर परसात, धुण्याच्या दगडाशी. धुतलेल्या चादरी परत धुवायच्या. टाकी रिकामी झाली म्हणून मी ओरडलोसुद्धा. शाळेत मात्र कौतुकानं सांगितलं, आमच्या सासूबाई लई कामसू…

काय म्हणालीस?

परत सांग.

…कपडे आपटायच्या आवाजात. मला ऐकू जाऊ नये म्हणून… कानडी.

आज्जीनं सांगितलं हे? तुला?… नाही, पणजी परत आल्याच नाहीत. दोन वर्षांत गेल्या… थांब, जरा खुर्चीवर बसतो.

खरं सांगू? भीती वाटायची गं. वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतात. मास्तर माणूस. मागच्या बाकावर कुणी हसलं तरी आपल्यालाच हसलं वाटतं… नव्हत्या? मग काय बोलायच्या एवढं?… शेळी?… शेळीला दोन करडं झाली. आणि?… एक पांढरं.

एवढंच?

…

घाल. माझंच नाव घाल… नाही, ‘एक गृहस्थ’ नको. ‘माझा आज्जा, मल्लिनाथ मास्तर’ असं घाल. बक्षीस गेलं तरी घाल.

थांब, फाटक वाजलं. आली… महानंदा, नातीचा फोन. ये… तिच्याशी कानडीत बोल… अगं, खरंच. हॉस्टेलात तिच्या खोलीतली पोरगी विजापूरची आहे, तिच्याकडनं शिकलीय ही थोडं… कशाची चेष्टा? मी चेष्टा करतोय असं दिसतंय का? बरं, चेहरा तसाच आहे माझा, त्याला काय करू… मी बाहेर जाऊ का?… थांबू?

हॅलो, सिद्धे, ती पिशवी खाली ठेवून नुसती बघतेय माझ्याकडं. तूच सुरुवात कर. स्पीकर लावलाय… हां, बोल…

…

…

बोलली गं! एका दमात बोलली. माझ्याकडं बघत बघत. काय म्हणाली?… सांगणार नाहीस?… माझ्याबद्दलच होतं ना?… तेही सांगणार नाहीस.

बरं… बरं की. नका सांगू.

महानंदा, घे. धर नीट… घाई नाही. तुझं बोलणं झालं की तूच ठेव.