गोधडीच्या पोटातली गोधडी

आमच्या घरची जुनी गोधडी कोणी शिवली, हे कळल्याशिवाय मला चैनच पडंना. आई म्हणायची, तुझ्या आजीनं. म्हणून गोधडी घेऊन हसनाबादला आत्याकडं गेल्तो. चहा संपायच्या आत दोनदा परतीच्या बसची वेळ विचारली.

"माझ्या आईनं नुसतं वरून आपलं लुगडं चढवलं," आत्या म्हणली. "खालची तिच्या सासूची असंल."

"असंल-बिसंल न्हाई, जल्दी नक्की सांग."

तिनं कडेचे चार टाके उसवले. आत खरंच दुसरी गोधडी निघाली. मला दम निघंना, ब्लेड घेऊन मीच पुढं उसवत गेलो. तिच्या पोटात तिसरी. ते टाके आत्यानंसुद्धा कधी पाह्यले नव्हते.

"मंग ही कोणाची?"

"काय माहीत बाबा. सांगणारं कोणी राह्यलं न्हाई."

मी पिशवी उचलली, तर तिनं सुईदोरा हातात दिला. "उसवलीस तू. आता बस."

बस निघून गेली, मी शिवून राह्यलो. शेवटी आत्यानं चष्मा लावून माझी वाकडीतिकडी शिवण पाह्यली.

"आता कोणी विचारलं तर नाव सांगायला अडचण न्हाई," ती म्हणली. "असे टाके आपल्या खानदानात दुसऱ्या कोणाचे न्हाईत."