डॉक्टरांची पांढरी पूड

वहिनी, डॉक्टरांचे सगेसोयरे, आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्यासोबत बसलेले सगळे पेशंट. माझ्या अगोदर चांगले बोलणारे बोलले. मले तसं येत नाही. पण आज बोललो नाही तर घरी घास उतरणार नाही.

मी बाबुराव खापरे. इतवारीत माझं भांड्यांचं दुकान आहे. भांडं मी ठोकून घेतो, माणूसही ठोकून घेतो. मागच्या मंगळवारी आपले रामटेके डॉक्टर गेले. त्यांना मी कसं ठोकून पाहिलं, तेच सांगाले उभा आहे.

माझ्या पोरीच्या, सुमनच्या, खालच्या जबड्यात गाठ होती. आतून हाड पोकळ होऊन राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू आणि पोकळीत एक पांढरी पूड भरू. दातात अन् हाडात जे खनिज असते, तेच ते. त्याच्या आधारानं नवीन हाड धरते. मी विचारलं, "कोणाचं हाड?"

दुसऱ्या कोणी हसून टाळलं असतं. यांनी नाही टाळलं. म्हणाले, काही जण गुराच्या हाडापासूनही करतात, ही मात्र रसायनापासून केलेली आहे. पू असेल तिथं भरत नाही, आणि नंतर वर्षभर एक्स-रे काढत राहावं लागेल. आता एवढं खरं सांगणाऱ्या माणसावर भरवसा बसावा की नाही? माझा संशय वाढला. हाडाची राख असते म्हणून महागाचे बोन चायनाचे कप मी दुकानात ठेवत नाही. अन् तीच चीज पोरीच्या तोंडात?

डॉक्टरांनी शिशी माझ्या हातात दिली, पाहा म्हणाले, आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. मी सील फोडलं. चिमूटभर पूड रुमालात बांधली. सराफ्यातल्या मित्रानं ती कोळशावर तापवली. ना धूर, ना वास. तो म्हणाला, दगड असेल, नाहीतर आधीच जाळलेलं हाड असेल. म्हणजे कळलं काय? काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी शिशी उचलली, सील पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "उघडलेली पूड मी पोरीच्या हाडात भरणार नाही," एवढंच म्हणाले, आणि शिशी फेकून दिली. दुसरी मुंबईहून यायले दीड महिना लागला. दीड महिना माझी पोर पातळ खिचडीवर होती, जबडा मोडू नये म्हणून. तिनं माझ्यासमोरच त्यांना विचारलं, उशीर काहून झाला? डॉक्टर म्हणाले, "माल आला नव्हता, बेटा."

सुमन, तू इथं बसली आहेस. तुले हे आज पहिल्यांदा कळून राहिलं. तुझं हाड भरलं, एक्स-रे दाखवताना डॉक्टरांचा चेहरा खुलला होता. तेव्हाही मी बोललो नाही.

मंडळी, महाल भागातल्या एका डॉक्टरनं माझ्या गुडघ्यात सुई टोचली होती. त्या सुईत काय आहे, हे मी विचारलं नव्हतं. काहून? तो आमच्या जातीचा होता. रामटेके डॉक्टर बौद्ध होते. संशय पुडीवर नव्हताच, हातावर होता. त्यांच्याकडे चहा आला की मी पोट बिघडल्याचं सांगत होतो. माझं पोट ठणठणीत आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी दर खेपेले माझ्यासाठी कप मागवत.

वहिनी, माफी मागाले मी उशिरा आलो. लाज वाटून राहिली.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मग सुमन पहिलं फूल वाहील.

त्याअगोदर एकच. दवाखान्यात शिरलो की डॉक्टर मले हात जोडून नमस्कार करत, आणि मी नुसती मान हलवत होतो. आज उत्तर देतो. जय भीम, डॉक्टरसाहेब.